छोटी वेगवान मोटार : अमेरिकेची रीत आणि जपानची रीत

मोटारगाडी हा या पानाचा नेहमीचा विषय नव्हे. आपले बहुतेक वाचक कापडवाले, लूमवाले, चामड्याचे, लाकडाचे, पितळेचे काम करणारे कारागीर आणि छोटे दुकानदार. गॅरेजवाले बांधव सोडले तर इंजिनाच्या आतल्या भानगडीत कोणी पडत नाही. तरीही हा विषय मुद्दाम घेतला आहे. एकच वस्तू, एकच बाजार, जवळपास एकच भाव आणि एकाच वयाचे गिऱ्हाईक; अशा परिस्थितीत दोन देशांच्या कारखानदारांनी तीच वस्तू दोन अगदी निराळ्या रीतींनी बनवली. पुढे एकाने ते दुकानच बंद केले आणि दुसरा अजून त्याच गल्लीत बसला आहे. तिजारत करणाऱ्याला अभ्यासासाठी यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल, कारण यातला प्रत्येक हिशेब आकड्यांत मांडता येतो.

प्रथम वस्तू कोणती ते समजून घेऊ. अमेरिकेत ज्या गाडीला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात ती आपल्याकडच्या होंडा सिटी किंवा टोयोटा कोरोलाच्या मापाची. घरगुती वापराची, चार सिलिंडरची, पुढची चाके ओढणारी साधी गाडी. हीच गाडी कंपनीने स्वतः सुधारून, जास्त ताकदीचे इंजिन, मजबूत ब्रेक आणि कडक स्प्रिंगा घालून विकली की ती ‘परफॉर्मन्स कॉम्पॅक्ट’ झाली. महागडी स्पोर्ट कार परवडत नाही, पण वेगाची हौस आहे, असे पंचवीस-तीस वर्षांचे नोकरदार तरुण हे तिचे गिऱ्हाईक. (आपल्या वस्त्यांतली पोरे चांगल्या गाडीचा सायलेन्सर काढून रात्री अकरा वाजता साऱ्या मोहल्ल्याची झोप उडवतात, तो प्रकार याहून वेगळा. त्यात कारागिरी नाही, फक्त आवाज आहे.)

हमालाचा हिशेब

गाडीच्या जाहिरातीत पहिला आकडा असतो तो हॉर्सपॉवरचा. लूमवाल्याला एचपी हा शब्द शिकवायला नको, त्याच्या वीजबिलावर तोच लिहिलेला असतो. पण हा आकडा दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पहिली गोष्ट टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दांड्याच्या पिळाचा जोर. दुसरी, तो दांडा मिनिटाला किती फेरे घेतो ती.

बाजारातल्या दोन हमालांची कल्पना करा. एक तगडा आहे. तो एका खेपेत जड गाठ उचलतो, पण सावकाश चालतो. दुसरा सडपातळ आहे. तो अर्ध्या वजनाचे गठ्ठे उचलतो, पण खेपा दुप्पट करतो. संध्याकाळी दोघांनी गोदामात टाकलेला माल सारखाच भरतो आणि मजुरीही सारखीच होते. अमेरिकन कारखानदाराने पहिला हमाल निवडला, जपान्याने दुसरा. बाकीचा सारा फरक या निवडीतून निघतो.

हिशेबाचे सूत्रही सोपे आहे. पौंड-फुटातला टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ५२५२, म्हणजे हॉर्सपॉवर. हे सूत्र हाताशी ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन गाड्या

जपानच्या बाजूने होंडाची ‘इंटेग्रा टाइप आर’ घेऊ. जपानात ती १९९५ साली आली आणि अमेरिकेत १९९७ च्या मॉडेलपासून ॲक्युरा या नावाने विकली गेली. इंजिन १.८ लिटर, त्यात टर्बो वगैरे काही नाही. ताकद १९५ हॉर्सपॉवर, पण ती मिळते मिनिटाला ८००० फेऱ्यांवर. टॉर्क फक्त १३० पौंड-फूट.

अमेरिकेच्या बाजूने डॉजची ‘एसआरटी-४’, सन २००३. ही ‘निऑन’ नावाच्या स्वस्त घरगुती गाडीवर बांधलेली. इंजिन २.४ लिटर, त्यावर टर्बो बसवलेला. ताकद २१५ हॉर्सपॉवर, ५४०० फेऱ्यांवर. टॉर्क २४५ पौंड-फूट आणि तोही ३२०० फेऱ्यांवरच हजर. पुढच्याच वर्षी कंपनीने ताकद २३० केली.

आता सूत्र लावून पाहा. ३२०० फेऱ्यांवर, म्हणजे शहरातल्या साध्या चालीवर, डॉजचे इंजिन सुमारे १४९ हॉर्सपॉवर देते. होंडाला तिचा सर्वांत मोठा टॉर्क या फेऱ्यांवर मिळतो असे उदारपणे धरले, तरी तिची ताकद ७९ च्या वर जात नाही. म्हणजे सिग्नल सुटल्यावर डॉजवाल्याने पाय दाबला की गाडी उडी घेते. होंडावाल्याला खालचा गिअर टाकून इंजिनाला ओरडायला लावावे लागते. मग साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढे होंडाचा सूर बदलतो आणि तिची खरी चाल सुरू होते.

तो सूर बदलतो त्याचे कारण व्हीटेक नावाची रचना. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते उघडण्या-मिटण्याचे काम एका फिरत्या दांड्यावरचे उंचवटे करतात. उंचवटा लहान ठेवला तर सावकाश चालताना इंजिन मऊ चालते, पण भरधाव वेगात त्याचा श्वास कोंडतो. मोठा ठेवला तर वेगात श्वास मिळतो, पण सावकाश चालताना इंजिन अडखळते. होंडाने एकाच दांड्यावर दोन्ही प्रकारचे उंचवटे दिले आणि ठराविक फेऱ्यांनंतर तेलाच्या दाबाने लहानाकडून मोठ्याकडे बदल होईल अशी सोय केली. एकाच लुमावर डॉबीने नक्षी बदलावी, तसा हा प्रकार आहे. ही रचना १९८९ साली आधीच्या पिढीच्या इंटेग्रात प्रथम आली. तिच्यातल्या १.६ लिटर इंजिनातून जपानी मापाने १६० ताकद निघाली, म्हणजे लिटरमागे शंभर. टर्बोशिवाय एवढी ताकद त्या काळी रोजच्या वापराच्या गाडीत दुर्मीळ होती.

टाइप आर मध्ये याच्याही पुढचे काम केले. हवा आत जाण्याच्या वाटा, ज्यांना पोर्ट म्हणतात, त्या कारागिरांनी हाताने घासून गुळगुळीत केल्या. सिलिंडरच्या आत दाबाचे प्रमाण १०.६ ला १ ठेवले. अनावश्यक वजन काढले. ८००० फेऱ्यांवर इंजिन फिरवायचे तर आतला प्रत्येक सुटा भाग तोलून-मापून बसवावा लागतो, कारण केसाएवढा फरकसुद्धा त्या वेगात हातोड्यासारखा आपटतो. पितळेवर नक्षी करणाऱ्या आपल्या कारागिराला हे लगेच पटेल. शेवटचा हात फिरवण्यात वेळ जातो आणि किंमतही त्या शेवटच्या हाताचीच असते.

डॉजची रीत वेगळी. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूने फिरणारा पंखा. हा पंखा दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि तो बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. इंजिनाच्या आत नाजूक कारागिरी करण्याऐवजी धुराड्यातून फुकट जाणाऱ्या ताकदीचाच उपयोग करून घेतला. मात्र कोंबलेल्या हवेमुळे इंजिनाने खडखडाट करू नये म्हणून आतल्या दाबाचे प्रमाण ८.१ ला १ असे कमी ठेवावे लागले. आणि गंमत अशी की डॉजचा हा टर्बो मित्सुबिशीचा, म्हणजे जपानी बनावटीचा.

पैसा वाचवला कुठे, तेही पाहण्यासारखे आहे. पुढच्या खिडक्या बटणाने खाली होत, मागच्या मात्र हाताने दांडी फिरवून. सायलेन्सरचा मुख्य डबा दिलाच नाही, टर्बोच्या पंख्यात बराचसा आवाज मरतो म्हणून. गाडीचा सांगाडा, दरवाजे, डॅशबोर्ड सारे स्वस्त निऑनचेच. जिथे गिऱ्हाईक पैसे मोजतो तिथे, म्हणजे इंजिन, क्लच आणि ब्रेक यांवर, खर्च केला; बाकी ठिकाणी हात आखडला. हा शुद्ध व्यापारी विचार आहे आणि मला तो आवडतो. लपवाछपवी नव्हती. आत बसल्याबरोबर स्वस्त प्लास्टिक दिसते, हाताला लागते, ज्याला चालते त्याने घ्यावी.

भाव पाहू. होंडाची किंमत १९९७ साली सुमारे २३ हजार डॉलर, डॉजची २००३ साली सुमारे २० हजार. एका हॉर्सपॉवरमागे होंडाला सुमारे ११८ डॉलर पडले, डॉजला ९३. मधल्या सहा वर्षांची महागाई धरली तर डॉज आणखी स्वस्त ठरते. लिटरमागे ताकद मात्र होंडाची १०८, डॉजची सुमारे ९०. थांबल्या जागेवरून ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर, गाठायला डॉजला पावणेसहा सेकंदांच्या आसपास लागत, होंडाला साडेसहा ते सात. सरळ रस्त्यावर डॉज जिंकली. वळणांवर मात्र हलकी, तोलदार होंडा आजही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सर्वोत्तम गाड्यांत गणली जाते.

आणखी एक भाव आहे, तो वीस वर्षांनी कळतो. जपून वापरलेली, कमी चाललेली टाइप आर आज अमेरिकेच्या लिलावांत मूळ किमतीच्या कितीतरी पट घेऊन जाते. एसआरटी-४ लाही हौशी लोक विचारतात, पण तो भाव तिला नाही. स्वस्त ताकद पुढच्या वर्षी कोणीतरी आणखी स्वस्त देतो. हातचे काम तसे पुन्हा होत नाही.

असे का घडले

अमेरिकन माणूस आळशी आणि जपानी कष्टाळू, असे सोपे उत्तर पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. कारणे बाजारात आणि कायद्यात होती.

जपानात मोटारीवरचा वार्षिक कर इंजिनाच्या आकारावर ठरतो. त्यातच २००० सीसी आणि ठराविक लांबी-रुंदीची मर्यादा ओलांडली की गाडी वरच्या वर्गात जाते, आणि १९८९ पर्यंत त्या वर्गावर फार जबर कर होता. पेट्रोल परदेशातून आणायचे, रस्ते अरुंद, जागा महाग. अशा ठिकाणी कारखानदार काय करणार? इंजिन मोठे करता येत नाही, तर लहान इंजिनातूनच जास्त काढायचे. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते लांब-रुंद. तिथे ताकद हवी तर इंजिन मोठे करा, हीच पिढ्यान्‌पिढ्या सवय. त्यामुळे लहान गाडी ही तिथल्या कंपन्यांना नेहमी नाइलाजाची वस्तू वाटली.

१९७० साली फोर्डने ‘पिंटो’ आणि जनरल मोटर्सने शेवरोले ‘व्हेगा’ बाजारात आणली, ती परदेशी छोट्या गाड्यांना तोंड देण्यासाठी. व्हेगाच्या इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरच्या आत लोखंडी अस्तर नाही. इंजिन तापले की ते बिघडे, मग तेल पिऊ लागे. पत्राही लवकर गंजे. ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाऊनच्या कारखान्यात ताशी १०० गाड्यांच्या वेगाने काम हाकले जात होते. मार्च १९७२ मध्ये तिथल्या कामगारांनी संप केला. पिंटोची पेट्रोलची टाकी मागून धडक बसल्यावर फुटून पेट घेण्याची तक्रार होती. अखेर १९७८ साली फोर्डला सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढल्याची हदीस आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. पिंटो आणि व्हेगाच्या गिऱ्हाइकाने तोच ओला माल स्वतःच्या पैशाने शोधून काढला.

व्हेगाचीही एक वेगवान आवृत्ती निघाली. इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीने आखलेल्या डोक्याचे इंजिन घातलेली ही ‘कॉसवर्थ व्हेगा’ १९७५-७६ मध्ये विकली गेली. ताकद ११० हॉर्सपॉवर आणि किंमत साध्या व्हेगाच्या दुपटीजवळ. जेमतेम साडेतीन हजार गाड्या बनल्या आणि प्रकरण संपले. ज्या गाडीचे मूळ नाव बाजारात खराब झाले आहे तिच्यावर जरीकाम करून उपयोग नसतो.

याच काळात, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. होंडाची ‘सिव्हिक’ तेव्हा नुकतीच तिथे पोचली होती. १९७५ च्या मॉडेलात तिच्यात सीव्हीसीसी नावाचे इंजिन आले. अमेरिकेच्या १९७० च्या हवाशुद्धीच्या कायद्यात ते धूर साफ करणाऱ्या वेगळ्या उपकरणाशिवाय बसले. मोठ्या अमेरिकन कंपन्या हा कायदा पाळणे अशक्य आहे असे सांगत होत्या, तेव्हा एका मोटारसायकलवाल्याने तो पाळून दाखवला. पुढे १९८१ साली जपानी गाड्यांच्या आयातीवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा आली. जपानी कंपन्यांनी त्यावर दोन उपाय केले. संख्या वाढवता येत नाही म्हणून प्रत्येक गाडी अधिक चांगली आणि अधिक किमतीची करायची, आणि कारखानाच अमेरिकेत काढायचा. होंडाने १९८२ च्या नोव्हेंबरात ओहायोतील मेरिसव्हिलला गाड्या बनवायला सुरुवात केली.

लुमातून निघालेली मोटार

आता कापडवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे. टोयोटा ही कंपनी मुळात लूम बनवणाऱ्याच्या घरात जन्मली. साकिची टोयोदा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग चालू असतानाच धोटा बदलत असे आणि धागा तुटला की आपोआप थांबत असे. ताण्यातला एक धागा तुटला आणि माग चालूच राहिला तर थानात किती लांब दोष पडतो, हे मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या लूमवाल्याला सांगायला नको. तो माल मग सेकंडमध्ये जातो आणि मेहनत पाण्यात. थांबणाऱ्या मागामुळे एका माणसाला पुष्कळ माग सांभाळता येऊ लागले, कारण नजर ठेवण्याचे काम मागानेच घेतले. १९२९ साली इंग्लंडच्या ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या मोठ्या यंत्र-कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मोटारीचा उद्योग उभारला आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. सुझुकी कंपनीचीही सुरुवात १९०९ साली हामामात्सु गावी लूम बनवण्यापासूनच झाली. म्हणजे आपल्या रस्त्यावरून धावणाऱ्या मारुती सुझुकीचे आणि टोयोटाचे खानदान आपल्याच धंद्यातले.

धागा तुटला की थांबायचे, हा लुमाचा नियम टोयोटाने मोटारीच्या कारखान्यात नेला. तिथे कामगाराच्या डोक्यावर दोरी असते. काम बिघडलेले दिसले की साधा कामगारसुद्धा ती ओढतो, मुकादम धावत येतो आणि वेळेत दुरुस्त झाले नाही तर साखळी थांबते. अमेरिकन कारखान्यात साखळी थांबवणे हा गुन्हा समजला जाई. गाडी चुकीची जुळली तरी पुढे जाऊ द्या, शेवटी दुरुस्तीच्या अंगणात पाहू, अशी रीत होती.

या दोन रीतींची समोरासमोर परीक्षाही झाली. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे आणि खराब माल यांसाठी बदनाम झालेला तो कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच पुन्हा सुरू केला, ‘नूमी’ या नावाने. कामगार बहुतेक जुनेच आणि युनियनही तीच. त्यांच्या तुकड्या जपानात ताकाओका येथे नेऊन शिकवल्या आणि हाती दोरी दिली. थोड्याच काळात त्या कारखान्याचा माल जपानच्या तोडीचा ठरला. माणसे तीच होती, त्यांना वागवण्याची आणि विचारण्याची पद्धत बदलली. कारागिराला दोष देऊन मोकळे होणाऱ्या आपल्यातल्या मालकांनी हा प्रसंग सवडीने वाचावा.

आपल्या विषयापुरते सांगायचे तर याच कारखान्यातून १९८७-८८ मध्ये टोयोटाची वेगवान ‘एफएक्स-१६’ बाहेर पडली, आणि १९८८ मध्ये त्याच १.६ लिटर, १६ व्हॉल्व्हच्या टोयोटा इंजिनाची शेवरोले ‘नोव्हा ट्विन कॅम’ सुद्धा. एकावर जपानी शिक्का, दुसरीवर अमेरिकन. पुढेही या कारखान्यात टोयोटा कोरोला आणि शेवरोलेने विकलेली ‘प्रिझम’ अशा जवळजवळ जुळ्या गाड्या बनत राहिल्या. प्रिझमची किंमत कमी, तरीही गिऱ्हाईक कोरोलाकडे जाई आणि जुनी विकतानाही कोरोलाला जास्त भाव मिळे. माल एकच होता. पंधरा वर्षांपूर्वीच्या व्हेगाची उधारी प्रिझमला फेडावी लागली.

वार आणि मीटर

मापाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण कापडाच्या धंद्यात अर्धे तंटे मापावरून होतात. ग्रे कापड मोजून घ्यावे आणि रंगाईहून आल्यावर ते आखडलेले निघावे, तसेच हॉर्सपॉवरचे आहे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन गाडीबाहेर काढून, हवेची गाळणी नाही, पूर्ण सायलेन्सर नाही, अशा अवस्थेत ताकद मोजत. १९७२ पासून सारे सामान बसवून मोजू लागले. त्याबरोबर व्हेगाची जाहीर ताकद ९० वरून ८० वर आली. इंजिन तेच होते.

जपानी आकड्यातही खाच आहे. तिथले ‘पीएस’ आणि अमेरिकन हॉर्सपॉवर यांत फरक, १०० पीएस म्हणजे ९८.६ हॉर्सपॉवर. वार आणि मीटर एक समजून सौदा करू नये, तसेच हे. शिवाय १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतले होते की देशात विकल्या जाणाऱ्या कुठल्याही गाडीची ताकद २८० पीएसच्या वर जाहीर करायची नाही. काही गाड्यांची खरी ताकद त्याहून जास्त असे, कागदावर मात्र २८०.

जास्त सांगून कमी देणारेही निघाले. माझदाने २००१ च्या मिआटा गाडीची ताकद १५५ सांगितली होती, ती १४२ निघाली आणि कंपनीला गाड्या परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. पुढे आरएक्स-८ या गाडीच्या बाबतीत पुन्हा तोच प्रकार. मोजमापाचे नियम कडक झाल्यावर ॲक्युराच्या ‘आरएसएक्स टाइप एस’ चा आकडा २००६ साली २१० वरून २०१ झाला. मित्सुबिशीने तर वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांच्या तक्रारी सरकारपासून लपवल्याचे २००० साली कबूल केले. तेव्हा ईमानदारी जपानची आणि बेईमानी अमेरिकेची, असा हिशेब कोणी करू नये. डॉजच्या एसआरटी-४ ची गोष्ट उलट आहे. तिची जाहीर ताकद २१५, ती इंजिनाच्या दांड्यावरची. मासिकांनी गाडी रोलरवर चढवली तेव्हा चाकांपर्यंत पोचलेली ताकदच जवळजवळ तेवढी भरली. वाटेत गिअर आणि दांड्यांत काही ताकद नेहमी मुरते, म्हणजे कंपनीने कमी सांगून जास्त दिले. सूरह मुतफ्फिफीन पाठ असलेल्या आपल्यातल्या कितीजणांच्या दुकानातला मीटर असा गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

दुकान कोणी चालू ठेवले

अमेरिकेने त्यानंतरही चांगल्या गाड्या बनवल्या. शेवरोले ‘कोबाल्ट एसएस’ २००८ मध्ये टर्बोसह २६० हॉर्सपॉवरची झाली. बनत होती लॉर्ड्सटाऊनलाच, जिथे कधीकाळी व्हेगा बनली. फोर्डची ‘फोकस आरएस’ २०१६ मध्ये अमेरिकेत आली, ताकद ३५०. पण ती बनत होती जर्मनीत. मधल्या काळात जपानकडूनही सुबारू ‘डब्ल्यूआरएक्स’ आणि मित्सुबिशी ‘लान्सर इव्होल्यूशन’ या चारही चाकांवर ताकद देणाऱ्या टर्बो गाड्या २००२ आणि २००३ च्या सुमारास तिथे पोचल्या होत्या. म्हणजे टर्बो ही काही अमेरिकेची खासगी मालमत्ता राहिली नव्हती. होंडानेही शेवटी टर्बो स्वीकारला. २०१७ मध्ये अमेरिकेत आलेली ‘सिव्हिक टाइप आर’ २ लिटर टर्बोची, ३०६ हॉर्सपॉवरची. २०२३ च्या मॉडेलात ती ३१५ झाली. आपली रीत चांगली म्हणून होंडा तिला चिकटून बसली नाही.

आणि अमेरिकन कंपन्या? डॉजने आपली छोटी ‘डार्ट’ २०१६ मध्ये बंद केली. फोर्डने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केले की अमेरिकेत मस्टँग सोडून जवळपास सर्व साध्या मोटारी बंद करून जीप-ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांवर लक्ष द्यायचे. लॉर्ड्सटाऊनचा कारखाना मार्च २०१९ मध्ये थांबला. कारण उघड आहे. मोठ्या ट्रकवर नफा भरपूर, छोट्या गाडीवर चिमूटभर. हिशेबाच्या वहीत निर्णय चुकीचा दिसत नाही. पण पंचवीस वर्षांचा मुलगा पहिली गाडी घ्यायला निघाला की आता तो होंडा आणि टोयोटाच्या दुकानात जातो आणि पंधरा वर्षांनी मोठी गाडी घेताना त्याला रस्ता तोच माहीत असतो. आपल्याकडे लग्नाच्या बस्त्याचे गिऱ्हाईक त्याच दुकानात येते, जिथे त्याच्या आईने पूर्वी अस्तराचे दोन मीटर कापड घेतलेले असते. अस्तराचे कापड ठेवायला परवडत नाही म्हणणारे दुकानदार मी पाहिले आहेत.

आपल्या देशातही ही स्पर्धा छोट्या प्रमाणात झाली. १९९९ साली फोर्डची ‘आयकॉन’ १.६ लिटर इंजिनाची, आणि २००० साली होंडाने ‘सिटी’ मध्ये १.५ लिटरचे व्हीटेक इंजिन आणले. लहान इंजिन, पण ताकद जास्त, १०६. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे थांबवण्याचे जाहीर केले. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथे शेवरोलेच्या छोट्या गाड्या बनत. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि २०२० अखेर कारखानाही बंद केला. २०२३ मध्ये तो विकत घेण्याचा करार कोरियाच्या ह्युंदाईने केला.

टोयोटाने मात्र २०२२ मध्ये ‘जीआर कोरोला’ काढली. फक्त तीन सिलिंडर, १.६ लिटर, टर्बो, चारही चाकांना ताकद आणि अमेरिकेत ३०० हॉर्सपॉवर. तगडा हमाल आणि चपळ हमाल दोन्ही एकाच अंगात. ही गाडी जपानात मोतोमाची येथील कारखान्याच्या एका खास विभागात बनू लागली. तिथे नेहमीची लांब साखळी नाही. गाडी एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जाते आणि निवडक कसबी कामगार प्रत्येक सांधा मापून जुळवतात. साखळीपेक्षा यात वेळ जास्त जातो आणि गाड्या कमी निघतात. त्यामुळे पहिल्या वर्षी अमेरिकेत गिऱ्हाइके थांबली होती आणि दुकानदार छापील किमतीच्या वर पैसे मागत होते.